मक्यातील विष आणि बुरशीचे संरक्षक एंझाइम

१९७४ सालच्या ऑक्टोबर महिन्यात राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातेतील पंचमहाल या लगतच्या जिल्ह्यांतील खेड्यापाड्यांत एक चमत्कारिक कावीळ सुरू झाली. नेहमीच्या काविळीत रोगी बहुधा काही आठवड्यांत बरा होतो. या काविळीत मात्र डोळे पिवळे पडल्यानंतर पोटात पाणी साचू लागे, आणि पुष्कळांचा त्यातच अंत होई. गावातील कुत्रीही याच लक्षणांनी मरत होती. दीडशेहून अधिक खेड्यांत हा रोग पसरला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील कृष्णमाचारी, भट व त्यांच्या सहकाऱ्यांनी याची पाहणी केली. १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालात ३९७ रोग्यांची नोंद असून त्यांपैकी १०६ दगावल्याचे म्हटले आहे.

बांसवाडा हा राजस्थानच्या दक्षिण टोकाचा जिल्हा. ज्या जयपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये राज्याच्या मुख्यमंत्र्यांचे निवासस्थान आहे, त्या वस्तीपासून तो फार दूर पडतो. तेथील भिल्ल कुटुंबांचे जीवन पाहिले, तर ते जयपूरपेक्षा आपल्या नंदुरबारकडील सातपुड्यालाच अधिक जवळचे वाटेल. मका हे त्यांचे मुख्य अन्न. रोग जडला तो मक्यावर गुजराण करणाऱ्या गरीब घरांना. त्या वर्षी आधी अवर्षणाने पीक करपले होते; पुढे कापणीच्या सुमारास अवकाळी पाऊस आला आणि कणसे भिजली. ओला मका तसाच साठविला गेला व त्यावर बुरशी चढली. घरात दुसरे धान्य नव्हते, म्हणून तोच दळून खाल्ला गेला.

त्या मक्याच्या नमुन्यांत दर किलोग्रॅममागे ६ ते १५ मिलिग्रॅमपर्यंत ॲफ्लाटॉक्सिन नावाचे विष आढळले. आज भारतात तृणधान्यांसाठी या विषाची जी कमाल मर्यादा ठरविलेली आहे, ती दर किलोग्रॅममागे १५ मायक्रोग्रॅम, म्हणजे मिलिग्रॅमचा सुमारे सहासष्टावा भाग, इतकी अल्प आहे. बांसवाड्याच्या मक्यात त्याच्या चारशे ते हजारपट विष होते.

बुरशी धान्यावर वाढते ती आपले पोट भरण्यासाठी. मग हे विष ती का तयार करते? आणि तिच्यावर एखादे रासायनिक संयुग टाकले, तर विष कमी होईल की वाढेल? या दोन प्रश्नांची उत्तरे बुरशीच्या पेशीत काम करणाऱ्या काही संरक्षक एंझाइमांशी निगडित आहेत, असे गेल्या काही दशकांतील संशोधनावरून दिसून आले आहे. प्रस्तुत लेखात त्याचीच ओळख करून द्यावयाची आहे.

बुरशी आणि तिचे विष

ही बुरशी म्हणजे ॲस्पर्जिलस फ्लेव्हस. तिची वसाहत पिवळसर हिरव्या भुकटीसारखी दिसते. तिचा मुक्काम जमिनीत आणि कुजणाऱ्या पालापाचोळ्यात असतो. मक्याला तुरे येऊन कणसातून केस बाहेर पडले, की हवेतून आलेली तिची बीजुके त्यांवर रुजतात व केसांच्या वाटेने दाण्यापर्यंत पोचतात. किडीने पाडलेली भोके हा तिचा दुसरा मार्ग होय. भुईमुगाच्या शेंगा तर तिच्या घरातच, म्हणजे जमिनीतच, पोसल्या जातात. यावरून ध्यानात येईल, की धान्यात विष शिरते ते केवळ कोठारात नव्हे. त्याचा आरंभ बहुधा उभ्या पिकातच झालेला असतो.

या विषाचा शोध एका दुर्घटनेतून लागला. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी थोड्याच महिन्यांत मेले. त्यांच्या खाद्यात ब्राझीलहून आलेली भुईमुगाची पेंड होती आणि त्या पेंडीत या बुरशीचे विष होते. बुरशीच्या नावावरूनच त्याला ॲफ्लाटॉक्सिन असे नाव पडले. त्याचा आघात मुख्यतः यकृतावर होतो. मोठी मात्रा पोटात गेली तर कावीळ व मृत्यू ओढवतो. अल्प मात्रा वर्षानुवर्षे जात राहिली तर यकृताच्या कर्करोगाचा संभव वाढतो. भाकरी भाजण्याच्या उष्णतेने त्याचा पुरता नाश होत नाही, आणि त्याला अशी रुचीही नाही की जिभेला संशय यावा.

प्राणवायूचे दुसरे रूप

प्राणवायूवाचून बुरशी जगत नाही. परंतु श्वसनाच्या ओघात या वायूचा काही अंश वाट चुकतो. प्राणवायूच्या रेणूला एक जादा इलेक्ट्रॉन चिकटला, की त्याचे 'सुपरऑक्साइड' नावाच्या उतावळ्या घटकात रूपांतर होते. त्यातून पुढे हायड्रोजन पेरॉक्साइड उत्पन्न होते. पेरॉक्साइडची गाठ लोहाशी पडली तर 'हायड्रॉक्सिल मूलक' निर्माण होतो. इंग्रज रसायनशास्त्रज्ञ फेंटन यांनी १८९४ साली वर्णन केलेली लोह आणि पेरॉक्साइड यांची विक्रिया ती हीच. हा मूलक इतका जहाल असतो की, मेद, प्रथिने, जननिक द्रव्य, जे जवळ सापडेल त्याच्यावर तो तुटून पडतो. या साऱ्या घटकांना मिळून आपण 'उग्र प्राणवायू' म्हणू.

वनस्पती या उग्र प्राणवायूचा शस्त्रासारखा उपयोग करतात. रोगकारकाचा शिरकाव झाल्याचे कळताच बाधित पेशी एकाएकी सुपरऑक्साइड व पेरॉक्साइड यांचा मारा सुरू करतात. जपानचे शास्त्रज्ञ दोके यांनी १९८३ साली बटाट्याच्या कंदावर केलेल्या प्रयोगांत ही गोष्ट दाखवून दिली. शिवाय पाण्यावाचून तहानलेल्या वनस्पतीच्या पेशींतही उग्र प्राणवायू साचत जातो. म्हणजे अवर्षणात सापडलेल्या मक्याच्या दाण्यात शिरणाऱ्या बुरशीला बाहेरून आणि आतून, असा दोहोंकडून ताप असतो.

तीन पहारेकरी

या तापातून निभावून जाण्यासाठी बुरशीजवळ संरक्षणाची साधने आहेत. पेशींतील रासायनिक विक्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनांस एंझाइम म्हणतात. त्यांपैकी जे उग्र प्राणवायूला निरुपद्रवी करतात त्यांना प्रतिऑक्सिडीकारक एंझाइम असे नाव आहे. शब्द जड आहे. काम मात्र सोपे आहे. यांतील तीन एंझाइम मुख्य होत.

पहिला 'सुपरऑक्साइड डिस्म्युटेज'. हा सुपरऑक्साइडचे दोन घटक एकत्र आणून त्यांपासून पेरॉक्साइड आणि साधा प्राणवायू बनवितो. याची कथा मनोरंजक आहे. मान आणि कीलिन यांनी १९३८ साली बैलाच्या रक्तातून तांबेयुक्त असे एक निळसर प्रथिन वेगळे केले. त्याचे काम काय, हे पुढे तीस वर्षे कोणालाच उमगले नाही. १९६९ साली अमेरिकेत मॅकॉर्ड व फ्रिडोविच यांनी दाखविले की सुपरऑक्साइडचा निकाल लावणे हेच त्याचे काम.

दुसरा एंझाइम 'कॅटॅलेज'. जखमेवर हायड्रोजन पेरॉक्साइड ओतले असता जो फेस उसळतो, तो आपल्या रक्तातील कॅटॅलेजमुळे. पेरॉक्साइडचे पाणी व प्राणवायू करणे हे त्याचे कार्य असून त्याचा एकच रेणू दर सेकंदाला पेरॉक्साइडचे लक्षावधी रेणू फोडू शकतो. तिसरा 'ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज'. पेरॉक्साइडबरोबरच सडू लागलेल्या मेदातील घातक पदार्थांचाही तो बंदोबस्त करतो.

या तिघांचे काम साखळीसारखे चालते. पहिल्याने जे पेरॉक्साइड तयार केले ते दुसऱ्याने व तिसऱ्याने वेळीच उचलले नाही, तर संकट टळण्याऐवजी नुसते रूप पालटून उभे राहते. म्हणून एखाद्या संयुगाचा परिणाम पाहताना एकाच एंझाइमाचे मापन करून भागत नाही. तिघांचा ताळमेळ पाहावा लागतो.

पहारा अपुरा पडला म्हणजे

आता विषाकडे वळू. ॲस्पर्जिलसच्या दुसऱ्या एका विषारी जातीवर, ॲ. पॅरासिटिकसवर, टी. जयश्री व सी. सुब्रमण्यम या भारतीय संशोधकांनी केलेले काम २००० साली प्रसिद्ध झाले. विष निर्माण करणारा वाण आणि विष निर्माण न करणारा वाण असे दोन वाण त्यांनी शेजारी शेजारी वाढवून तपासले. विषारी वाणाला प्राणवायूची गरज अधिक लागत होती, त्याच्या पेशींतील मेदाचे ऑक्सिडीकरण अधिक होत होते, आणि त्याचे संरक्षक एंझाइमही अधिक जोराने काम करीत होते. पेशीवर उग्र प्राणवायूचा ताण येणे ही विषनिर्मितीची पूर्वअट आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

रोममधील संशोधकांनी हा विचार दुसऱ्या बाजूने कसास लावला. बुरशीत एक नियंत्रक जनुक असते. ताण येताच संरक्षक एंझाइमांना कामाला जुंपणे हे त्याचे कार्य. रेव्हेर्बेरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ते जनुकच काढून टाकले. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात अपेक्षेप्रमाणे एंझाइमांचा पहारा ढिला पडला, पेशीत उग्र प्राणवायू साचला, आणि ॲफ्लाटॉक्सिन लवकर व अधिक प्रमाणात तयार झाले. पुढे अमेरिकेत अनेक वाणांवर पेरॉक्साइडचा प्रयोग केला असता, जे वाण अधिक विष तयार करीत तेच पेरॉक्साइडचा ताप अधिक सहन करीत, असेही दिसून आले.

यावरून जे चित्र उभे राहते ते असे. एंझाइमांचा पहारा पुरेसा आहे तोवर बुरशी आपली वाढ करण्यात गुंतलेली असते. पहारा अपुरा पडू लागला की ती विषनिर्मितीकडे वळते. ॲफ्लाटॉक्सिन तयार होण्याच्या दीर्घ विक्रियामालेत प्राणवायू खर्ची पडतो. तेव्हा नको असलेल्या प्राणवायूची विल्हेवाट लावण्याची ही एक वाट असावी, असे काही शास्त्रज्ञांना वाटते. १९७४ साली बांसवाड्यात आधी अवर्षण आणि मागून पाऊस पडला, हा योग या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. अवर्षणाने दाण्याला व बुरशीला ताण दिला, आणि पावसाने बुरशीला वाढण्यासाठी ओल पुरविली.

संयुगांचे दोन मार्ग

रासायनिक संयुगांच्या साहाय्याने या व्यवस्थेत हस्तक्षेप करण्याचे दोन मार्ग आहेत, आणि त्यांची दिशा परस्परविरुद्ध आहे.

पहिला मार्ग ताण शमविण्याचा. लवंगेच्या तेलात युजेनॉल नावाचे संयुग असते. जयश्री व सुब्रमण्यम यांनी १९९९ साली दाखविले, की बुरशीची वाढ न थांबविणाऱ्या अल्प प्रमाणातही युजेनॉल ॲफ्लाटॉक्सिनची निर्मिती रोखते, आणि याचे कारण त्याने मेदाचे ऑक्सिडीकरण थांबविले हे होय. कॅलिफोर्नियातील 'तुलारी' जातीच्या अक्रोडात ॲफ्लाटॉक्सिन फारच कमी होते. त्याचे श्रेय दाण्यावरील पातळ सालीतील गॅलिक अम्लाला दिले जाते. हेच अम्ल आपल्याकडील हिरड्यात व मायफळात विपुल असते. कॉफीच्या बियांत ज्याचे संयुग सापडते त्या कॅफेइक अम्लाने तर प्रयोगशाळेत ॲफ्लाटॉक्सिनची निर्मिती ९५ टक्क्यांहून अधिक घटविली. त्या वेळी बुरशीतील पेरॉक्साइड निवारणाऱ्या काही एंझाइमांची जनुके अधिक कार्यशील झालेली आढळली. या साऱ्या उदाहरणांत बुरशी जिवंत राहते, पण विष करण्याचे तिला कारण उरत नाही.

दुसरा मार्ग कवच फोडण्याचा. ओव्याला ज्यामुळे तिखट वास येतो ते थायमॉल, तसेच बेंझाल्डिहाइडाच्या कुळातील काही संयुगे, बुरशीच्या संरक्षणव्यवस्थेलाच खिळखिळी करतात. अमेरिकन कृषी खात्याच्या प्रयोगशाळेत किम, कॅम्बेल व सहकाऱ्यांनी या संयुगांचा विशेष अभ्यास केला. पेशीच्या श्वसनकेंद्रातील डिस्म्युटेज हा एंझाइम ज्यांतून काढून टाकला होता, असे कवकांचे वाण या संयुगांपुढे लवकर नामोहरम झाले. त्यावरून घाव कोठे बसतो हे कळले. ही संयुगे नेहमीच्या कवकनाशकाबरोबर दिली असता कवकनाशकाची कमी मात्रा पुरते. कारण पहारेकरी आधीच बांधलेले असतात.

येथे एक सावधगिरीची सूचना केली पाहिजे. हे निष्कर्ष बव्हंशी प्रयोगशाळेतील पेल्यांत व बशांत मिळालेले आहेत. कणगीत चार लवंगा टाकल्या म्हणजे धान्य सुरक्षित झाले, असा अर्थ वाचकांनी काढू नये. संयुगाची मात्रा, धान्याचा ओलावा आणि बुरशीचा वाण यांनुसार परिणाम बदलतो.

अर्धवट मात्रेचा धोका

वरील दोन मार्गांच्या मधोमध एक धोक्याची जागा आहे. बुरशी मरणार नाही, परंतु तिचा ताण वाढेल, इतकीच मात्रा पडली तर काय होईल?

याचे उत्तर बेल्जियममधील गेंट येथील संशोधकांनी २०१० साली दिले. त्यांचा प्रयोग गव्हाच्या लोंब्यांवर पडणाऱ्या फ्युजेरियम या बुरशीवर होता. ही बुरशी ॲफ्लाटॉक्सिनहून निराळे विष तयार करते. एका प्रचलित कवकनाशकाची मारक मात्रेहून कमी मात्रा दिल्यावर बुरशी मेली नाही. काही तासांतच तिच्या भोवती हायड्रोजन पेरॉक्साइड वाढले आणि त्यामागोमाग विषाचे प्रमाणही चढले. मग त्यांनी त्याच मिश्रणात बाहेरून कॅटॅलेज घातला. पेरॉक्साइड फुटले व विषाची वाढही थांबली. कारण आणि कार्य यांचा संबंध याहून स्पष्टपणे दाखविणे कठीण.

कवकनाशकांत असा ताण वाढविणारी द्रव्ये अनेक आहेत. स्ट्रॉबिल्युरिन वर्गातील कवकनाशके बुरशीच्या श्वसनमालेत अडसर घालतात. तुंबलेले इलेक्ट्रॉन मग प्राणवायूला चिकटून सुपरऑक्साइड बनते. मात्रा पुरेशी असेल तर बुरशी मरते. अपुरी असेल तर कित्येक बुरश्या श्वसनाची पर्यायी आडवाट उघडून तगून राहतात. शेतकऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ सरळ आहे. पैसे वाचावेत म्हणून औषध पातळ करणे, फवारणी पिकाच्या निम्म्याच भागावर पोचणे, अथवा दोन औषधे अदमासाने मिसळणे, यांमुळे पीक वरून बरे दिसले तरी दाण्यातील विष घटले असेल याची खात्री नसते. ॲफ्लाटॉक्सिनच्या बाबतीत तर उभ्या मक्यावर फवारणी करून ते हमखास रोखता येईल, असे आजही म्हणता येत नाही.

शेतापासून कोठारापर्यंत

बांसवाड्याची घटना एकमेव ठरली नाही. तीस वर्षांनी, २००४ साली, केनियाच्या पूर्व भागात तीच कहाणी पुन्हा घडली. तेथेही मकाच होता आणि तोही ओलाच साठविलेला होता. ३१७ माणसे आजारी पडली व १२५ मेली. या दोन घटनांच्या दरम्यान ॲफ्लाटॉक्सिनचे रसायनशास्त्र कितीतरी पुढे गेले होते. त्या ज्ञानातील जेवढे गरीब घरच्या कणगीपर्यंत पोचावयास हवे होते, तेवढे पोचले नव्हते.

एंझाइमांच्या या अभ्यासातून घरोघरी उपयोगी पडेल असे जे निघते, ते थोडक्यात सांगता येईल. बुरशीवर ताण येण्याचे प्रसंग टाळावेत आणि तिला वाढण्यास ओल मिळू देऊ नये. दाणे भरण्याच्या व शेंगा पोसण्याच्या काळात शक्य असल्यास पिकाला एखादे पाणी द्यावे. दाणा तहानलेला नसेल तर बुरशीही शांत राहते. कीड आवरावी, कारण किडीचे भोक हे बुरशीचे दार आहे. कापणी वेळेवर करावी. कणसे व शेंगा उघड्या जमिनीवर न पसरता ताडपत्रीवर किंवा सारवलेल्या खळ्यात वाळवाव्या. मक्याच्या दाण्यांतील पाण्याचा अंश शेकडा १३ च्या आसपास आणि भुईमुगाच्या शेंगांतील शेकडा ८ च्या आसपास आला म्हणजे माल साठविण्यास योग्य झाला. मापनयंत्र हाताशी नसेल, तर दाताखाली कट्‌कन फुटणारा दाणा आणि कानाजवळ हलविली असता खुळखुळणारी शेंग ही जुनी परीक्षा कामास येते.

कुजके, सुरकुतलेले, रंग पालटलेले दाणे निवडून काढावेत. आपल्याकडील बायका सुपात धान्य घेऊन जे पाखडणे-निवडणे करतात, त्याला येथे मोठेच मोल आहे. कारण विष सर्व दाण्यांत सारखे पसरलेले नसते, ते थोड्याशा नासक्या दाण्यांत एकवटलेले असते. मात्र निवडलेला खराब माल गुरांपुढे टाकू नये. गाई-म्हशींच्या पोटात गेलेल्या ॲफ्लाटॉक्सिनचा काही भाग रूपांतरित होऊन दुधात उतरतो, आणि ते दूध घरच्या लेकरांच्याच पोटात जाते.

१९७४ साली ज्यांनी बुरसटलेला मका खाल्ला, त्यांतील कित्येकांना तो खराब असल्याचे डोळ्यांनी दिसत असले पाहिजे. परंतु टाकून द्यावा तर दुसरे खाण्यास काय, हा प्रश्न त्यांच्यापुढे होता. म्हणून अवर्षणाच्या वर्षी धान्य तपासण्याची सोय गावाजवळ असणे आणि खराब धान्याच्या बदली चांगले धान्य त्या घरांत पोचविणे, हाही या रोगावरील उपचाराचाच भाग मानला पाहिजे.